निनावे

चौदा वर्षं माझ्या हातचं पाणी
दुसऱ्याच्या सहीनं बाहेर गेलं.

सिव्हिल लाइन्समधली प्रयोगशाळा, मागची खोली.
ब्युरेट गळते तिथं गुंडाळलेला धागा माझा;
पाचपावलीत बापाच्या मागावर
तुटलेलं सूत जोडून जोडून बोटं तयार झालेली.
जांभळट लाल पाणी ज्या एका थेंबाला निळं होतं
तो थेंब मी कूलरच्या घरघरीतही चुकवत नाही.
मग रिपोर्ट टाईप होतो,
'विश्लेषक' या शब्दाखाली
सव्वीस वर्षांच्या सौमित्र सरांची सही.
पोरगा चांगला. मला ताई म्हणतो,
रंग बदलला का, ते मलाच विचारतो.
त्याच्याकडे एम.एस्सी. आहे.
माझ्याकडे बी.एस्सी., आणि हे आडनाव.

कूलरच्या बिलामागे हिशेब मांडला:
दोन वर्षांची फी, बर्डीवरची जुनी पुस्तकं,
सुट्टीच्या दिवसांचे वर्ग, येण्याजाण्याचं भाडं.
दुसऱ्या बाजूला बढती, वरचा ग्रेड,
महिन्याला सात हजार चारशे जास्त,
निवृत्तीपर्यंत पंधरा वर्षं –
गुणाकार दोनदा केला, खोटा वाटला म्हणून.
नवरा म्हणाला, "चाळिशीत काऊन शिकून राह्यली बापा?"
मी बिल त्याच्या ताटाशेजारी ठेवलं.
त्यानं आकडा वाचला, तर्री पुन्हा वाढून घेतली,
आणि दुसऱ्या दिवसापासून
रात्रीच्या पोळ्या तो लाटू लागला.
जाड. कडेला कच्च्या.

पेपर मे महिन्यात, शेहेचाळीस अंशांत.
हॉल तिकिटाशेजारी पर्समध्ये कांदा.
बाजूच्या बाकावरची पोर म्हणाली,
मावशी, तुम्ही सुपरव्हिजनला का?

एक गोष्ट हिशेबात धरली नव्हती.
दुसऱ्या सेमिस्टरला कळलं, पाणी निळं का होतं:
कॅल्शियम कुणाचा हात सोडतं, मग कुणाचा धरतं.
चौदा वर्षं रोज दिसणाऱ्या शेजारणीचं
माहेरचं नाव अचानक कळावं, तसं.
परतताना बसमध्ये मी एकटीच हसले.
कंडक्टरनं तिकीट उलटून पाहिलं.

बढतीची ऑर्डर नऊ महिन्यांनी आली.
थकबाकी अजून यायची आहे.
सौमित्र सर पीएच.डी.ला पुण्याला गेले,
जाताना खुर्चीवरची गादी ठेवून गेले.

पहिला रिपोर्ट: एका टोल्यावरचा हातपंप.
फ्लोराईड दोन पूर्णांक आठ.
नमुना आणणारा ग्रामसेवक दारातच उभा.
"म्याडम, थोडं कमी नाही का लिहिता येत?
एकच पंप आहे जी."

हे सिलॅबसमध्ये नव्हतं.
असं मला कधी कुणी विचारलंच नव्हतं,
विचारायचे ते सही करणाऱ्याला.

नमुना पुन्हा लावला. तेवढाच आला.
'पिण्यास अयोग्य' – त्याखाली पेन टेकवलं,
पहिल्याच वेलांटीला शाई अडली.
तळहातावर घासलं, पुन्हा लिहिलं:
कुंदा निनावे.
शेवटची मात्रा चौकटीच्या जरा बाहेर.

त्यानं ते नाव ओठ हलवत वाचलं.
मग विचारलं, नव्या पंपाच्या अर्जावर
कोणाकोणाची सही लागते?

बसा, म्हटलं.
आणि कोरा कागद पुढं ओढला.