दुसरी लूप

पहाटे पावणेसहाला, उजळाईवाडीच्या धावपट्टीवर
गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांचा धूर अजून बसलेला असतो,
तेव्हा मी कॉकपिटमध्ये चढते
आणि एक खोटी आग लावते.

बटण दाबलं की लाल दिवा,
दिव्यामागून घंटा.
कुठेच काही जळत नसताना
सगळं विमान आग आग म्हणून ओरडतं.
मी घड्याळ बघते. बटण सोडते.
वहीत लिहिते: ठीक.
खोटं ओरडता आलं, म्हणजे वेळ आली तर
खरं ओरडता येईल.

इंजिनाच्या कमरेभोवती दोन बारीक नळ्या असतात,
करगोट्यासारख्या.
एक अ, एक ब.
तापली की पोटातली वीज वाट बदलते,
एवढंच त्यांचं शहाणपण.
एकटीच घाबरली तर वैमानिकाला हाक नाही,
दोघींचं एकमत झालं तरच आग.

आमच्या घरी असंच होतं.
बाबा गुळव्या, कंदलगावच्या गुऱ्हाळावर.
वाफेत उभं राहून नाकानं सांगायचे
काहील कधी उतरायची.
गार पाण्यात बोटं बुडवून
तीच बोटं उकळत्या पाकात,
मग जळव्याकडं बघून नुसता हात वर.
दोन मुठी चिपाड जास्त पडलं
की गूळ काळा, अन् यार्डात भाव निम्मा.
आईचा मात्र त्या नाकावर भरवसा नव्हता.
‘तुमचं नाक म्हंजे काय पंचायतीचा ठराव हाय?’
म्हणत रात्री उठायची,
चुलीतल्या राखेत स्वतः हात घालून बघायची.

आई जाऊन तीन वर्षं झाली.
त्याच साली तापात बाबांचं नाक गेलं.
आता करपलेलं दूध त्यांना डोळ्यांनी कळतं,
तेही पातेलं काळं झाल्यावर.

गेल्या मंगळवारी बटण दाबलं.
अ बोलली.
ब गप्प.
पुन्हा दाबलं. गप्प.
हैदराबादचे अडुसष्ट प्रवासी रांगेत,
कुणाच्या मांडीवर चपलांची खोकी, कुणाच्या चटणीची बरणी,
एक जण काचेपलीकडून मला मनगटावरचं घड्याळ दाखवत होता.
ड्यूटी मॅनेजर हिरुगडे म्हणाले,
‘मॅडम, एक तर चालतीय न्हवं?’
मी म्हटलं, ती किती दिवस एकटी चालतीय
ते सांगा, मग सही करते.

काउलिंग उघडलं. सव्वा तास.
टॉर्च दातात, कोपर तेलात.
क्लॅम्पपाशी नळीवर केसाएवढी घासण,
थरथरीनं रोज थोडी थोडी खाल्लेली.
नवी बसवली. जुनी खिशात टाकणार होते,
नियम आठवला, टॅग लावून जमा केली.
दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी, आतल्या पानावर:
तांत्रिक कारणानं उशीर, प्रवाशांत नाराजी.

गॅसच्या दोन बाटल्या असतात.
हँडल ओढायचं, इंधन तुटतं.
दहा मोजायचे, पहिली सोडायची.
तरी दिवा विझला नाही तर तीस मोजायचे, दुसरी.
ट्रेनिंगमध्ये मागच्या बाकावरून कुणी तरी विचारलं होतं,
सर, आणि त्यानंतर?
सर फळा पुसत राहिले.
कोरा झाला होता, तरी पुसत राहिले.

रात्री नऊला बाबांना फोन लावते.
गॅस बंद केला का?
‘केलाय की.’
शेगडीपाशी जाऊन बघा.
स्लिपरांचा आवाज लांब जातो. खोकला.
कळ फिरवल्याची कट्‌कट्. आवाज परत येतो.
‘बंदच हाय! रोज रोज काय इचारतीस?
जल्मभर जाळापुढं उभारलोय मी,
मला शिकवतीस व्हय गं, आईसारखी?’

फोन आपटला.
खणखणीत होता आवाज.
ठीक.