माया, नऊ दिवस

नरसाळ्याच्या पाण्याच्या टाकीचा बारचार्ट
मी तिसऱ्यांदा काढला तेव्हा एप्रिल संपत होता.
आधीच्या दोन्हींत दिवस लपवले होते,
पायव्यात दोन, खांबांत दोन,
तळाच्या स्लॅबात दोन, घुमटात तीन,
आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं.
डोमाजी मिस्त्री म्हणे, मॅडम,
पाचाच्या कामाला तुम्ही सात लिहून राह्यल्या,
मंग पहिले दोन दिवस पोरं बिड्याच फुकतात.

म्हणून सगळे उपसले,
शेवटी एका रांगेत ठेवले. नऊ.
कोरी पट्टी, कामाचं नाव नाही.
ठवकर साहेबांनी तिच्यावर पेन्सिल टेकवली.
हे काय? या नऊ दिवसांत कोण काय करणार?
माहीत नाही, म्हणाले मी.
माहीत नाही म्हणूनच तर.
पेन्सिल हलली नाही.

संध्याकाळी गोळीबार चौकात
इटनकर बाईंकडे ब्लाउज सैल करायला नेला.
औषधानं दंड सुजलेत, बाही चढत नाही.
त्यांनी शिवण उलटी करून दाखवली:
आत दोन बोटं कापड,
अजून दुकानातल्या रंगाचं,
बाहेरचं कधीच विटलेलं.
माया ठेवली होती ना, म्हणाल्या,
तवा का माहीत, अंग कुठं भरन ते.
आणि दातांनी दोरा तोडला.

सकाळी पट्टीवर लिहिलं: माया, नऊ दिवस.
बाईंची आत असते, दिसत नाही.
माझी भिंतीवर, सगळ्यांसमोर.
साहेब हसले की खोकले कळलं नाही,
पण सही झाली.

मग ती जाऊ लागली.
कन्हानची रेती अडली, दोन.
नवतपात पारा शेहेचाळीसला,
काँक्रीट रात्रीच ओतायचं, पाण्यात बर्फ घालून, तीन.
रिझवानचा मिक्सर बसला, एक.
हेमलालची बायको बालाघाटला बाळंत झाली,
घुमटाच्या सळया वळवणारा तो एकटाच.
दोन मी स्वतः खोडले.
त्यानं मागितले नव्हते.

एक उरला.
टाकी भरून झाली होती, कुठे ओल नव्हती.
साहेब म्हणाले, एक दिवस आधीच देऊन टाकू,
वर आपलं नाव होईल.
राहू द्या, म्हटलं.

त्या दिवशी साइटवर कुणी काही केलं नाही.
डोमाजी टाकीच्या सावलीत बसला,
सावली सरकली तसा सरकत राहिला.
मी हात वर करून पाहिला.
बाही कुठे काचत नव्हती.