मष्णूची बाटली

खानापूरच्या पुढं, गर्लगुंजीच्या वाटेवर
सोडून दिलेली एक चिरेखाण आहे.
जांभा संपला, माणसं गेली,
चौकोनी खड्ड्यात पाणी तेवढं राहिलं.
मष्णू गावडा तिथूनच आणायचा
आमच्या प्रॅक्टिकलसाठी शेवाळ,
हॉर्लिक्सच्या बाटलीत, सायकलच्या हँडलला लटकावून.

"दहानंतर जावं लागतंय, म्याडम.
त्याआधी तळाला निजलेलं असतंय."
खरंच होतं. ऊन चढलं की
त्याचाच श्वास बुडबुडे होऊन त्याच्यातच अडकतो
आणि सगळी हिरवी गोधडी तरंगत वर येते.
रात्री पुन्हा बुडते.
मी हे वाचलं होतं. तो बघून आला होता.

काचपट्टीवर केसाहून बारीक धागा,
आत हिरवी फीत, गोल जिन्यासारखी चढलेली.
मूळ नाही, पान नाही,
प्रत्येक पेशी आपापलं रांधून खाणारी,
शेजारणीची भिंत तेवढी सामाईक.

फेब्रुवारीत पाणी कोमट होऊन आटू लागतं
तेव्हा दोन धागे शेजारी येऊन पडतात.
भिंतींना कोंब फुटतात, टेकतात,
मधला पडदा विरघळतो.
मग एका बाजूचं सगळं, फीत, केंद्रक, होतं नव्हतं ते,
आकसून त्या अरुंद नळीतून
पलीकडं जातं.
जाणारा नर, थांबणारी मादी;
याहून वेगळी खूण नाही दोघांत.
अलीकडं रिकाम्या खोल्यांची रांग.

मुलं वहीत शिडी काढत.
कुणी खाली शेवाळ लिही, कुणी कन्नडमध्ये पाची.
शिडी सरळ असली की मी मार्क देई.

मे महिन्यात मष्णू रिटायर झाला.
फळीवर बाटली ठेवून गेला,
आत खाणीतला लाल चिखल, वाळून भेगाळलेला.
वर चिठ्ठी: पाणी घाला. घाई नको.

तपकिरी, तीन पदरी कवचात,
थोडं तेल शिदोरीला घेऊन
ते दाणे उन्हाळा काढतात.
जागं होताना आत चार केंद्रकं होतात,
तीन विरतात.
त्या तिघांचं काय, हा प्रश्न
परीक्षेला येतो, एका मार्काला.

नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवून मी घातलं.
नऊ दिवस काहीच नाही.
नवा मुलगा म्हणाला, "हे फेकू काय?"
दहाव्या दिवशी भिंगाखाली
उकललेलं टरफल, त्यातून डोकावणारी एकच पेशी,
फितीचा जेमतेम दीड वेढा.

फोन लावला. पलीकडं कोंबड्या ओरडत होत्या.
"आलं न्हवं?" मष्णू म्हणाला,
"मग खिडकीत ठेवा की ओ त्याला."