शिंगवालीवर अभिप्राय

रविवारच्या पुरवणीत माझा चौकोन असतो,
पान सहा, खाली डावीकडे,
कुंद्याच्या जाहिरातीला चिकटून.
त्यात मी लिहिलं: कल्पनादारिद्र्य.
हा शब्द मला आवडतो, वर्षातून चारदा तरी वापरतो.
लिहिलं, मोठ्यांसाठीचं कार्टून म्हणजे
लहानांच्या कार्टूनला दारू पाजणं नव्हे.
एवढं लिहून चहा सांगितला, स्वतःवर खूश होऊन.
दीड तारा दिला.

मालिकेचं नाव इंग्रजी, लांबलचक.
वडगावात सगळे तिला शिंगवाली म्हणतात.
राणी आहे, दोन शिंगं, त्यातलं एक गहाण.
ड्रॅगनला पित्त, आग ओकायच्या जागी ढेकर.
आणि एक भूत, कारकुनाचं,
मेल्यावरही खतावणी सोडत नाही.
शिव्या म्हणाल तर पोत्यानं.

भैरू मुचंडीकरचा फोन आला:
"वाईट लिहिलासा. लिहा.
पण आमच्यात बसून बघा की एकदा."

साडेनवाला माग थांबतात.
खडखडाट गेल्यावर शेडमध्ये जी शांतता येते
तिलाही सुताची धूळ असते.
लग्नाच्या शूटिंगवाल्याकडून आणलेला प्रोजेक्टर,
पडदा म्हणून न रंगवलेली साडी.
डावीकडं मराठी, उजवीकडं कन्नड,
असं कुणी बसवलं नव्हतं, बसले होते.

भैरूची रेश्मा इंग्रजीतून मराठीत सांगायची,
नागेंद्र बुचडी तिचं मराठी कन्नडात.
म्हणजे एक विनोद, आधी रेश्मा हसणार,
तोंडावर ओढणी धरून, एकटीच.
मग डावी बाजू.
मग उजवी.
आणि सगळ्यात शेवटी यल्लाप्पा,
ज्याचे कान चाळीस वर्षांत मागांनी खाल्ले,
तो लोकांची तोंडं बघून हसायचा, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं,
की त्यावर शेड पुन्हा हसायची.
माझ्या खोलीत, हेडफोनात,
हाच विनोद आला होता आणि सरळ निघून गेला होता.

शिवी आली की रेश्मा म्हणायची, "काहीतरी बोलली."
कांड्या भरणारी निंगव्वा वैतागली,
"लाजतीस कशाला गं?
मागावर धागा तुटला की आम्ही काय आरत्या म्हणतो होय?"
मग नागेंद्रनं ती जागा स्वतःच भरली.
मूळ फिकं होतं, एवढंच सांगतो.

चौथ्या भागात भूत नाक्यावर येतं.
शिपाई विचारतो, कुठल्या राज्याचा?
भूत खतावणी उघडतं, पानं उलटत राहतं,
तीन मिनिटं, संगीताशिवाय.
मी लिहिलं होतं, इथे कात्री हवी होती.
भैरूही म्हणाला, "ढकल पुढं, काय नाही ह्यात."
निंगव्वा म्हणाली, "राहू दे. शोधू दे त्याला."
रेश्मा काही सांगत नव्हती,
नागेंद्र काही विचारत नव्हता.
साडीच्या पदराला वारा लागून नाका हलत होता.

पुण्याच्या एका मोठ्या समीक्षकानं ह्याच प्रसंगाला
सीमेचं रूपक म्हणून चार तारे दिलेत.
शेडमध्ये रूपक कुणाला दिसलं नाही.
अर्धा तास वाद झाला तो वेगळाच:
भुताला पगार मिळतो का,
आणि एका शिंगावर सावकार किती टक्के लावतो.
एक जण म्हणाला, ड्रॅगनला ओवा द्या, बाकी मालिका बकवास.
दुसऱ्यानं राणीच्या अंबाड्याची तारीफ केली.
कुणी तारे मोजले नाहीत.

निघताना भैरूनं खिशातून माझं कात्रण काढलं,
चार घड्यांचं, कडेला कुंद्याचा अर्धा फोटो.
"वाच रे नागेंद्र, सायबांच्या समोरच."
तो वाचत गेला, कन्नडात सांगत गेला,
एका शब्दाशी अडला.
"हे कल्पनादारिद्र्य म्हणजे?"
मी म्हटलं, म्हणजे काही सुचत नाही.
"कुणाला?"

आधी रेश्मा, ओढणीआड.
मग डावी बाजू.
मग उजवी.
शेवटी यल्लाप्पा,
ज्याला काहीच ऐकू आलं नव्हतं.