चौतीस नंबर

नंदुरबारच्या बाहेर मिरचीच्या पथारीवर शूटिंग होतं,
जिथे दुपारची झुळूकसुद्धा शिंक घेऊन येते.
भटूचं गाणं: डोंगरावरची सावळी पोर, तिला शहर बघायचंय.
आणि पोर आली नाशिकहून, पहाटेच्या गाडीने,
दुधावरच्या सायीसारखी.

भटू म्हणाला, ताई, हिला दोन शेड खाली आण.

खाली.
वीस वर्षं पार्लर चालवतेय मी.
रंगाला जिना असतो हे काय मला माहीत नव्हतं?
पण मी तो चढतच आले, गिऱ्हाइकाचा हात धरून.
उतर म्हणून कोणी सांगितलं नव्हतं.

चौतीस नंबरची डबी फोडली.
मान, कानामागची जागा, कोपरं, पावलं.
स्पंजखाली ती हळूहळू मावळत गेली.
आणि दहा हातांवर सायकीबाई वळवी
खोऱ्याने मिरची उलटत होती, जन्मापासून चौतीस नंबरची;
तिला भटू सांगत होता, मावशी, जरा फ्रेमच्या बाहेर.

मी म्हटलं, भटू, हिची नात का नको?
अठराची आहे, नाचते बघ कशी.
"तुले काय समजस त्यामा?
पब्लिकले नाक लागस, डोया लागतस.
रंग काय, आपण लावी देसूत."

शेवभाजीचा रस्सा गार होईपर्यंत भांडलो.
शेजारी हिरामण जेवत होता, पदर खोचून.
दर शुक्रवारी तो बायको होतो:
पोटाला उशी, ओठांबाहेर गेलेली लिपस्टिक, तोंडाला काजळी,
नवरा लाटणं हाणतो आणि लोक लोळतात.
तुझं काय म्हणणं, विचारलं.
म्हणाला, पोट भरतं.
मग बऱ्याच वेळाने, ताटातच हात धुता धुता:
परवा विग न काढता टपरीवर गेलो चहाला.
ओळखीचाच होता तो, तरी चिमटा काढलाच.
मी माझ्या आवाजात शिवी दिली, तेव्हा सॉरी म्हणाला.
खरी बाई असतो तर
कोणत्या आवाजात दिली असती?

भटू म्हणाला, भारी आहे, घेऊ पुढच्या भागात.

मग मी हट्टाने सायकीबाईला मध्ये ओढलं.
मावशी, तुम्ही सांगा. तुमची पोर म्हणून
ही रंगवलेली बाई दाखवतात, चालतं का तुम्हाला?
तिने नटीकडे पाहिलं, मग नटीच्या पायांखाली.
म्हणाली, एवढी मिरची तुडवली,
ती आमच्या हजेरीतून कापणार का?

भटू गप्प. मीही.

जाताना तिने डबी उचलली, उलटीसुलटी केली.
हा कितवा नंबर?
चौतीस.
तिला एवढं हसू आलं की खोरं टेकून उभी राहिली,
पलीकडच्या रांगेला ओरडून सांगितलं,
आणि दिवस बुडेपर्यंत त्या लाल रानात
ए चौतीस, पाणी आण,
चौतीसच्या पोरी, टोपलं उचल.
ते हसू कुठे ठेवावं मला कळलं नाही.
नटी शिंकली, गालावरून एक गोरा ओघळ आला,
मी धावत जाऊन तो बुजवला.

गाणं चाललं. फार चाललं.
धडगावच्या वरच्या पाड्यात, लग्नात, डीजेवर तेच,
आणि पुढच्या रांगेत सायकीबाईची नात, पहाटेपर्यंत.
मी दोन महिने भटूशी बोलले नाही,
मग उरलेले पैसे मागायला गेले.

काल तीच नात पार्लरात आली. लग्न ठरलंय.
खुर्चीत बसली, मान मागे टाकली,
डोळे मिटून म्हणाली, बारा नंबर लाव, ताई.
मी म्हटलं, चौतीसपण आहे बघ, अर्धी डबी उरलीय.
ती डोळे न उघडताच म्हणाली,
तो तर शूटिंगचा.