अर्थिंग

भेंडीच्या बियाण्याचा पत्र्याचा डबा, अर्ध्या किलोचा,
वरचं हिरवं चित्र घासून निघालेलं.
मी कंपनीत पॅकिंगला, त्यामुळे
असे डबे मला मागावे लागत नाहीत.
याला चार भोकं पाडली. दोन आत येणाऱ्या वायरींना,
दोन बाहेर जाणाऱ्या.
पाचवं चुकून पडलं. राहू दिलं.

टर्नटेबल कासमचाचांचं.
जालन्याच्या भर उन्हात, रिक्षात, मांडीवर घेऊन
भंगारात निघाले होते.
म्हणाले, फिरते नीट, पण आवाज डासाएवढा.
म्हटलं, चाचा, तिचा आवाज तेवढाच असतो.
सुईतनं निघतात चार-पाच मिलिव्होल्ट,
मोठं करणारं कुणीतरी मधे लागतं.
ते हसले. हौ, म्हणाले,
बँडमधे माझंही तसंच होतं. तिसरं क्लॅरिनेट.

तर ते मधलं माणूस बनवायला घेतलं.
आठ पायांची चिप, मेलेल्या टेपमधून उपसलेली.
पिवळा, जांभळा, नारिंगी: सत्तेचाळीस हजार ओहम.
हे रंग आयटीआयमधे पाठ झाले,
अठ्ठावीस पोरं आणि मी,
सर म्हणायचे, तुम्ही फक्त वही नीट ठेवा.
नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या.
लाईटवर चालवायचंच नाही,
एमआयडीसीत भट्ट्या पेटल्या की
आमचा बल्ब डोळे मिचकावतो.

रेकॉर्ड कापताना खर्ज दाबून टाकतात,
नाहीतर एक खाच शेजारणीच्या अंगावर जाते.
बारीक आवाज मात्र चढवून लिहितात,
खरखरीच्या वर राहावा म्हणून.
ऐकताना हे सगळं उलटं करायचं.
मोजून. इथे अंदाज चालत नाही,
आणि मला मीठसुद्धा अंदाजानं टाकायची सवय.

पहिल्या रात्री: हूंऽऽऽ.
गल्लीतला डीपी घरात येऊन बसल्यासारखा.
वायरी पिळल्या, सांधे पुन्हा तापवले.
हूंऽऽऽ.
तिसऱ्या रात्री जाऊबाईंनी विचारलं,
कुणाला झोपवतीस का उठवतीस?

मग त्या पाचव्या भोकातून हिरवी वायर काढली
आणि मीटरखालच्या अर्थिंगला नेऊन बांधली.
काही फरक नाही.
खड्डा सासऱ्यांच्या वेळचा, कोळसा-मीठ घालून बुजवलेला.
मे महिना. काळी माती हात जाईल एवढी फाटलेली,
पट्टी मातीला कुठे टेकतच नव्हती.
नळाला पाणी येऊन अकरा दिवस,
निळ्या टाकीत वीतभर उरलेलं.
तांब्या भरला. जाऊबाई बघत होत्या.
म्हटलं, खड्ड्याला.
जरा वेळानं म्हणाल्या,
मग दुसराही ओत. एकानं काय भिजणार.

मातीनं दोन्ही एका घोटात ओढले.
आत आले. हूं गेलेलं नव्हतं,
शेजारच्या खोलीत जाऊन बसलं होतं.

कासमचाचा संध्याकाळी आले, काखेत एकच रेकॉर्ड.
त्यांच्याच बँडची, मालकानं हौसेनं काढलेली,
लग्नाच्या गिऱ्हाइकांना फुकट वाटलेली.
लेबल उंदरांनी खाल्लेलं.
चाचांना उजव्या कानानं येत नाही,
स्पीकर डावीकडे सरकवला.

सुई टेकली. खरखर.
कुणीतरी खोकलं.
"रहेमत," चाचा म्हणाले. "ढोलवाला. बिडी काही सुटली नाही."
मग सगळे एकदम, पितळ, ढोल, झांजा,
आणि त्यांच्या मागे,
भिंतीला टेकून उभं असावं तसं, तिसरं क्लॅरिनेट.
एका ठिकाणी ते घसरलं.
अर्धा सूर, जेमतेम.
मी डब्याकडे झेपावले, वाटलं सांधा सुटला.

"नको नको, डब्याला काही बोलू नको," चाचा म्हणाले.
"ती चूक माझी."
बोटं मांडीवर तशीच होती,
नसलेल्या भोकांवर दाबून धरलेली.
"परत लाव," म्हणाले. "तेवढंच."