पायमोडका

पाळकबाई बाळंतपणाला काटोलला गेल्या
आणि रविवारच्या शाळेतली बारकी पोरं
माझ्या गळ्यात पडली.
मी काय शिकवणार? चाळीस वर्षं
सीताबर्डीच्या छापखान्यात खिळे जुळवले,
उलटं वाचायची सवय डोळ्यांना.
बाईंनी पेटीत पुठ्ठ्याची कार्डं ठेवलेली,
वर चिठ्ठी: काका, अक्षराचं नाव नको,
आधी आवाज द्या.

तर सदरमध्ये, चर्चमागच्या खोलीत,
कूलर घरघरतो, वाळ्याचा ओला वास,
आम्ही आवाज काढत बसतो.
म. ओठ मिटा, तोंडातच राहू द्या. म्म्म्.
हरवलेलं मेंढरू काटेरी झुडपातून असंच हाक मारतं.
योएल म्हणतो, मेंढरू तं बें करते.
बरोबर आहे त्याचं.
स ला मी एदेनचा साप दाखवला,
पोरं ओरडली, संत्रं!
म्हटलं, तेही झाडावरचंच, चालेल.

प आणि फ.
तळहात तोंडापुढे धरा.
प म्हणा, हाताला काही नाही.
फ म्हणा. लागली हवा?
मातीच्या माणसाच्या नाकपुडीत
देवानं हीच फुंकली,
मग तो उठून बसला.
तेरा तळहात, तेरा तोंडं,
फ फ फ फ, खोलीभर वारा.
प्रिस्किल्ला हात हुंगून म्हणाली,
देवाच्या श्वासाले भज्याचा वास येते.

मग मी बोलून बसलो.
प मधला अ काढून घेतला
की उरतो नुसता प्,
खाली तिरकी काडी.
छापखान्यात आम्ही ह्याला
पायमोडका म्हणायचो.

शब्द सुटला आणि समोर
चटईच्या काठाला शलोमीचा बूट दिसला,
त्याची लोखंडी पट्टी,
गुडघा वळत नाही म्हणून
सरळ पसरलेला पाय.
मी कार्ड पालथं घातलं.
तिनं ते उलटलं.
मंग थो चालते कसा?

एकटा नाही चालत, म्हटलं,
पुढच्याच्या खांद्याला धरतो.
फळ्यावर लिहिलं ख्रिस्त.
हे बघ, ख् नं र ला धरलंय, स् नं त ला.
येशूच्या नावात दोन पायमोडके?
हो, दोन.
माह्या नावात?
तुझ्यात एकही नाही.
तिचा चेहरा उतरला.
प्रिस्किल्लाच्या नावात तीन निघाले
तेव्हा ती उभी राहून नाचली,
आणि शलोमी भिंतीकडे बघत राहिली.

म्हणून छ चं कार्ड आधी काढलं.
छ, छप्पर.
पक्षघाती माणूस, चार कोपऱ्यांना चार मित्र,
दारात ही गर्दी,
मग ते बाज घेऊन वर चढले,
छप्पर उसवलं,
दोरांनी त्याला खाली सोडलं
नेमकं येशूच्या पुढ्यात.
छ् छ् छ्, माती पडते, गवत पडतं.
पोरांनी माझ्या डोक्यावर
खडूची भुकटी पाडून घेतली.
तो उठला, बाज उचलली, घरी गेला.
संपली गोष्ट.

आनि छप्पर? शलोमीनं विचारलं.
छप्पर कोनं नीट केलं?
तिचा बाप हिंगण्याला शेडवर पत्रे ठोकतो.

रात्री चष्मा लावून
मत्तय, मार्क, लूक पाहिले, योहानही.
छपराचं पुढे कोणी लिहिलेलं नाही.
पाळकसाहेबांना फोन केला,
ते आधी हसले,
मग म्हणाले, बघून सांगतो.

पुढच्या रविवारी ती पाटी घेऊन आली.
बाबा म्हनते, त्यानंच केलं असन,
ज्याचे पाय नीट झाले त्यानं.
पाटीवर छप्‌पर, प चा पाय मोडलेला,
पण काडी एवढी लांब ओढलेली
की पाटीची चौकट ओलांडून लाकडावर आली होती.
ही एवढी कशाला, मी विचारलं.
शिडी होय थे, म्हणाली,
वर जाले लागन ना त्याले.

आमच्या केसमध्ये असा खिळा नव्हता,
कुठल्याच ओळीत बसला नसता.
मी पाटी पुसली नाही.
योएलला म्हटलं, सरक जरा,
तिला टेकायला जागा दे.